यमीच्या आधी आयची हळद

माझी आय कुणाच्याही लग्नात मांडवाच्या आत पाऊल टाकत नसे. ती कडेला, मांडवाला बांधलेल्या जांभळीच्या डहाळ्यांशी उभी राही आणि आतल्या बायकांना हवं नको ते हातात देई. तांदूळ तिनं कांडलेले असत, भिंतीवर लग्नाचा चौक लिहायला लागणारं पांढरं पीठही तिनंच कालवलेलं असे. पण बांबूची काडी हातात घ्यायची वेळ आली की ती वाटी दुसऱ्या बाईकडे देऊन मागं सरायची. मला वाटे, आयला चित्रं काढता येत नाहीत. मग एका दुपारी मी रानातून लवकर आले, तर ती ओल्या बोटानं कणगीवर फणी काढत होती. दात न् दात सारखा, मधोमध देवीच्या केसांना लागेल अशी बारीक कड. मला बघितलं आणि तळहातानं पुसून टाकली. "कणगी भेगाळली का बघत होती," म्हणाली.

आमच्या वारल्यांत तेव्हा पुष्कळांचं असंच असे. पोरगा-पोरगी एकमेकांच्या मनात भरली, दोन्हीकडची चार माणसं बसून बोलली, की पोरगी नांदायला येई. लगीन मागाहून. भात चांगला साठला म्हणजे धवलेरीला बोलवायचं, हळद लावायची आणि सगळ्या पाड्याला जेवू घालायचं. धवलेरी म्हणजे आमची लग्न लावणारी बाई. तिच्याकडं पोथी नसते, असतं ते सगळं गाण्यात. आयच्या वेळी भात साठला तर आजा गेला. पुन्हा साठला तर पावसात घराची मागची बाजू बसली. मग यमी झाली, मी झाले, धाकटा झाला, आणि ते राहून गेलं ते गेलंच. तिला कुणी नावं ठेवत नव्हतं. बाची बायको म्हणूनच सगळे तिला ओळखत. फक्त जिला हळद लागली नाही तिनं दुसऱ्याला हळद लावायची नाही, दुसऱ्याकडून हळदीचं बोट लावून घ्यायचं नाही, चौक लिहायचा नाही, मांडवात शिरायचं नाही. आणि पोरीचं लगीन निघालं की आधी आयबाला हळद लागायची, मग पोरीला, त्याच मांडवात, त्याच सकाळी. यात लाजण्यासारखं कुणाला काही दिसत नसे. आमच्या शेजारच्या पाड्यावर तर एकदा आजा, बाप आणि नातू असे तिघे एका दिवशी नवरदेव झाले होते, आणि आजानं नातवाची टोपी घातली म्हणून नातू रुसला होता.

इथं जमशेदपूरला हे मी शेजारणीला भीत भीत सांगितलं. ती हसली नाही. त्यांच्या आजोळच्या गावीही असंच होतं म्हणाली. मला केवढा धीर आला. मी मूळची भित्री, गॅस बंद केला की नाही ते तीनदा बघणारी. या चार ओळी लिहितानाही दोनदा उठून आले.

आमचा पाडा हरसूलपासून चालत गेलं तर एका डोंगरापलीकडं. पहाटे जात्याची घरघर, मग कोंबड्या, मग बाचं खाकरणं, अशा क्रमानं घर जागं होई. नागलीची भाकर, खुरासणीची चटणी, आणि सण असला तर भात आणि उडदाची डाळ. उडदाच्या डाळीला चुलीवर जो वास येतो तो मी इथं गॅसवर आणायचा पुष्कळ प्रयत्न केला. नवरा खातो आणि छान झाली म्हणतो, पण त्याला मूळची चव ठाऊक नाही म्हणून ते. आश्रमशाळेत मी सातवीपर्यंत शिकले. आयबा हंगामात द्राक्षांच्या कामाला जात, धाकट्याला कुणी सांभाळायचं म्हणून सातवीनंतर मी घरी आले ती आलेच. पण तेवढ्या सातवीनं मी घरातली सगळ्यात शिकलेली झाले. आमच्या गुरुजींनी माझ्याकडून अक्षर घोटून घेतलं होतं, त्याचे उपकार मी अजून मानते. दुकानाच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, एसटीचे बोर्ड, सगळं त्याच अक्षरांवर वाचत मी इतक्या लांब आले. पण त्या अक्षरांनीच एकदा घरावर काय आणलं होतं, ते सांगायचं तर यमीच्या लग्नाकडं यावं लागतं.

यमी माझी थोरली बहीण. तिचं मधूशी जमलं ते द्राक्षांच्या बागेत, आणि मधूचे वडील काशिनाथराव आमचे व्याही झाले. मूळचे ते डोंगरापलीकडचेच, आमच्यातलेच. पण लहानपणी नाशिकला गेले, शिकले, एका कचेरीत कारकून झाले, इंदिरानगरात घर केलं. ते जीपनं आले तेव्हा पाड्यावरची सगळी पोरं जीपमागं धावली. पायात काळे बूट, लेसची घट्ट गाठ. गाठ सोडायला त्यांना एवढा वेळ लागे की बा ओशाळून म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या व्याही, हितंच बसू," आणि दोघं अंगणात बाजेवर बसायचे. काशिनाथराव कधी आमच्या उंबऱ्याच्या आत आलेच नाहीत.

त्यांची बायको सुमनबाई मात्र आत आली. चुलीपाशी आयच्या जवळ बसली, गुळाचा कोरा चहा फुंकून फुंकून प्याली. निघताना विहिणीला हळदीचं बोट लावायचं, म्हणून आयनं डबी माझ्या काकीच्या हातात दिली. काकीचं लगीन झालेलं होतं. काकीनं बोट पुढं केलं तशी सुमनबाई दोन पावलं मागं सरली. "मला सोसत नाही हो. पुरळ येतं," म्हणाली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

जीप गेल्यावर काकी म्हणाली, "हळदीचं पुरळ! बघा गं बाई. नाशकाचं पाणी लागलं म्हंजे हळद बी बाधते."

आय ती डबी पुसत बसली होती.

दुसऱ्या खेपेला काशिनाथरावांनी पत्रिका छापायचं काढलं. आमच्यात आवतण तोंडानं द्यायची रीत. हळदीचे तांदूळ घेऊन घरोघर जायचं, दारात उभं राहून सांगायचं. पण त्यांच्या कचेरीतले लोक येणार, साहेब येणार, दुपारी त्र्यंबकहून भटजी येऊन मंगलाष्टकं म्हणणार, पत्रिका पाहिजेच. "तुमच्याकडची नावं लिहून द्या," ते म्हणाले. बानं माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मी वही आणली, मांडी घातली, आणि आयुष्यात पहिल्यांदा अंगणातली सगळी मोठी माणसं माझा हात हलायची वाट बघत गप्प राहिली. गुरुजींनी शिकवलं होतं, लग्न झालेल्या बाईच्या नावापुढं सौ. लिहावं, त्यात मान असतो. मी आयचा मान केला. सुंदर वळणदार सौ. काढला, पुढं टिंब दिलं, मग जनाबाई, मग बाचं नाव. आयला विचारलं नाही. ती घरात भात निवडत होती.

पत्रिका आल्या, पिवळ्या, लाल अक्षरांच्या. बानं आणि लहानूकाकानं, म्हणजे बाच्या चुलतभावानं, दोन दिवसांत त्या आसपासच्या पाड्यांवर वाटल्याही. रीत म्हणून तांदूळही दिले, पण सांगणं कमी झालं. कागद दिला की माणसाला वाटतं सगळं सांगून झालं. मग हरसूलचा बाजार भरला, आणि चहाच्या दुकानात कुणीतरी पत्रिका मोठ्यानं वाचली. त्या दुपारी लहानूकाका आमच्या अंगणात आला तो खांद्यावरची गोणी न उतरवताच उभा राहिला.

"सोम्या," तो बाला म्हणाला, "हळद लावून घेतलीस आन भावाला भाताचं शीत नाय? कुठं केलं लगीन? द्राक्षाच्या मळ्यात?"

"कुणाचं लगीन?" बा म्हणाला.

"तुझंच की! ह्या कागदात लिवलंय. वहिनी सौ. झाली. सगळा बाजार इचारतोय, जेवण कुणी खाल्लं?"

पत्रिका माझ्या हातात आली. मी वाचायला लागले आणि आयच्या नावाशी येऊन थांबले. आय दारात आली. "सौ. म्हंजे काय?" तिनं विचारलं. मी सांगितलं. लगीन झालेली बाई, असं. तिनं हात पदराला पुसले, पत्रिका घेतली, उलटी धरली, मग सुलटी. "कुनी लिवलं?"

"मी."

मला मार हवा होता. मार मिळाला असता तर ते तिथंच संपलं असतं. ती म्हणाली, "माझं नाव लिवलंस ते बरं केलंस. फुडलं तेवढं काढ."

"छापलंय आय. निघत नाही."

आमच्यात लगीन लांबलं तर चालतं. पण पाड्याला जेवू न घालता चोरून हळद लावून घेणं म्हणजे सगळ्यांच्या तोंडावर दार लावणं. तसल्या घरी मग सुखदुःखाला कुणी उभं राहत नाही. बा त्या संध्याकाळी जेवला नाही. पण खरा घाव चार दिवसांनी बसला. बानं व्याह्यांना निरोप पाठवला होता, की कागदात चुकलंय, आमची हळद व्हायची आहे, ती यमीच्या आधी सकाळी उरकून घेऊ. काशिनाथराव तडक जीप घेऊन आले.

"चुकलं कुठं? बरोबर लिहिलंय पोरीनं," ते बाजेवर न बसताच म्हणाले. "माझे साहेब येणार आहेत सोमाभाऊ. त्यांना काय सांगू, सुनेचे आईबाप आज लग्न करताहेत? आमच्या कचेरीत आठ दिवस दुसरा विषय नसेल. छापलंय तेच खरं धरा. हळदबिळद काही काढू नका. नाहीतर मग आम्हाला विचार करावा लागेल."

यमी भिंतीच्या आड उभी होती. तिचा एक हात माझ्या दंडावर होता आणि ती तो दाबत चालली होती.

बा आयकडं बघायला लागला. आय खाली बघत होती. मग म्हणाली, "पोरीचं होऊ द्या. मी हाय तिथं ऱ्हाते." म्हणजे कडेला, डहाळ्यांपाशी. यमीला हळद काकी लावणार, यमीला मांडवात काकी नेणार. आणि कागदावर जन्मभर खोटी सौ. राहणार, पाड्याच्या मनातली अढी राहणार ती वेगळीच.

मी त्या दिवसांत एका जागी बसू शकत नव्हते. पाण्याला गेले तर हंडा न भरताच परत यायची. भाकरी थापताना हात थांबायचा. आय नेहमीसारखी कामं करत होती, तांदूळ कांडत होती, आणि मुसळाचा प्रत्येक ठोका मला माझ्या पाठीत बसल्यासारखा वाटे. शेवटी एका सकाळी मी कुणाला न सांगता डोंगर चढले आणि धवलेरीकडं गेले. गोमी म्हातारी तिचं नाव. ती दारात बसून बिडी ओढत होती. मी सगळं ओकून टाकलं. तिनं ऐकलं, बिडी विझवली, कानावर ठेवली.

"लिवलेलं पुसता येत नाय?"

"नाही."

"मंग बोल. आमी तर बोलूनच सगळं करतो. जितक्या घरी तुझा कागद गेला तितक्या घरी जा आन तोंडानं सांग, आयबाची हळद व्हायची हाय, तवा या."

"पण आय नको म्हणली. व्याही लगीन मोडतील."

"मोडंल बी," म्हातारी म्हणाली. "मी काय देव हाय व्हय? पर तुझ्या आयचं त्वा लिवलं तवा तिला इचारलं नाय. आता बी नको इचारू." आणि खी खी हसली. "मोठं माणूस असतं तर मला बी इचाराया आलं नसतं."

तिनं ओंजळभर हळदीचे तांदूळ माझ्या ओटीत घातले. घरी काकीला यमीच्या लुगड्यांसाठी जाते, सरपणाला जाते, अशा थापा मारत मी तीन दिवस चालले. एकेका दारात उभी राहायची, तांदूळ पुढं करायची आणि म्हणायची, "माझ्या आयबाची हळद हाय. यमीच्या आधी, ऊन येताना. कागदात माझ्या हातनं चुकलंय. जेवाया या." पहिल्या दारात मला रडू आलं. पाचव्या-सहाव्या दारापर्यंत तोंडपाठ झालं. बायका हसायच्या. "आयच्या लग्नाची करवली गं ही!" एका म्हातारीनं विचारलं, "आन बाला पसंत हाय ना पोरगी?" लहानूकाकाच्या दारात मात्र पाय अडखळले. त्यानं तांदूळ घेतले नाहीत. "सोम्याला ठावं हाय का हे?" मी मान हलवली, नाही. त्यानं माझ्या ओटीत हात घातला, चिमूटभर तांदूळ उचलले आणि डोक्यावरच्या टोपीत ठेवून टोपी पुन्हा घातली. "मला बी ठावं नाय मंग," म्हणाला.

आज माझी मुलगी इतक्या लांबच्या शहरात नोकरीला एकटी जाते आणि मी दर तासाला फोन बघते. मी तेव्हा तिच्याएवढीही नव्हते, तरी तीन दिवस डोंगरातून एकटी फिरले, याचं आता नवल वाटतं. पण तेव्हा भीती वाटेची नव्हती. भीती घरी होती, मुसळाच्या ठोक्यात.

लग्नाच्या आदल्या दिवशी सवाशिणी चौक लिहायला आल्या. पालघट देवी, घोड्यावरचं जोडपं, सूर्य, चंद्र, सगळं लिहून झालं. वरच्या कोपऱ्यात मात्र वीतभर जागा त्यांनी गेरूची तशीच तांबडी सोडली. आयनं ते बघितलं. "ऱ्हायलंय तितं," ती बाहेरून म्हणाली. काकी म्हणाली, "म्हातारीनं सांगितलंय सोडाया." आयनं माझ्याकडं बघितलं. मी धाकट्याचं नाक पुसायला लागले.

सकाळी उजाडता उजाडता माणसं यायला लागली. डोंगराच्या वाटेनं, खालच्या ओढ्याकडून, दहा दहा, वीस वीस. भाताच्या टोपल्या घेऊन बायका आल्या. आमच्यात मोठं जेवण असलं की पाडा आपापला वाटा घेऊन येतो. बा अंगणात दात घासत उभा होता, तोंडात राखुंडी तशीच. लहानूकाका सगळ्यांच्या पुढं होता. "चल, नवरदेवा," तो म्हणाला, "अंघोळ कर. बायको पळून जायाची."

आयला कळलं ते माझ्या तोंडाकडं बघूनच. ती उखळापाशी उभी होती. मला वाटलं आता तरी मारेल. तिनं मुसळ भिंतीला टेकवलं, सावकाश, आवाज न करता. "किती घरं फिरलीस?"

"सगळी."

"पाय बघू." मी पाय पुढं केले. काटे होते. ती खाली बसली आणि तिथंच, एवढी माणसं अंगणात असताना, माझ्या पायातले काटे काढायला लागली. शेवटी गोमी म्हातारीच ओरडली, "ए नवरी! तुला पाटावर बसवू का पोरीच्या पायापाशीच हळद लावू?"

आय मांडवात शिरली. डहाळ्यांशी एक क्षण थांबली, सवयीनं, मग शिरली. दोन पाट मांडले, बा शेजारी बसला, म्हातारीनं गाणं धरलं आणि काकीनं पहिली हळद आयच्या पायांना लावली. मी करवली, तांब्या घेऊन मागं उभी. बाचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले आणि तेवढ्यात ओढ्याकडून जीपचा आवाज आला.

काशिनाथराव दोन तास आधी आले होते, साहेबांच्या खुर्च्या नीट मांडल्यात का बघायला. मागं मधू, सुमनबाई. त्यांनी मांडवात बघितलं आणि मागं जीपकडं हात केला. "मधू, उतरू नको," ते म्हणाले. "मी सांगितलं होतं. सोमाभाऊ, मी तुम्हाला सांगितलं होतं की नाही?" यमी घराच्या दारात हळदीच्या लुगड्यात उभी होती. आय पाटावरून उठायला लागली. खरंच उठायला लागली, गुडघ्यावर हात ठेवून. म्हातारीनं गाणं न थांबवता तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली दाबलं.

तेव्हा जीपचं दुसरं दार उघडलं. सुमनबाई उतरली, चपला काढल्या, आणि सरळ चालत मांडवाच्या कडेला आली. डहाळ्यांपाशी थांबली. बरोबर तिथं, जिथं आय एवढी वर्षं थांबत आली होती.

"म्हातारे," ती म्हणाली, नाशिकचं बोलणं सगळं गळून गेलेलं, "माझं बी नाय झालेलं."

गाणं थांबलं.

"सुमन!" काशिनाथराव म्हणाले. "गाडीत बस."

"पोराला आज हळद लावायची हाय मला," ती त्यांच्याकडं न बघता म्हणाली. "आय हाय मी त्याची. लागलेल्या हातानं लावीन. आजवर दर लग्नात पुरळ येतं सांगितलं. आता माझ्याच पोराच्या लग्नात काय सांगू?"

मग काकी म्हणाली, "खरंच येतं का गं पुरळ?"

"येऊ दे," सुमनबाई म्हणाली.

म्हातारीनं आणखी दोन पाट मांडायला लावले. मग तिनं रीतीप्रमाणं विचारलं, "तुझा नवरा कंचा?" आणि सुमनबाईनं हात लांब करून दाखवलं, "त्यो. बूट घातलेला." तेव्हा जो हशा पिकला तो डोंगराला लागून परत आला. जीपमधला मधूही हसला.

काशिनाथराव जीपचं दार धरून उभे होते. ते रस्त्याकडं बघत होते, जिकडून कचेरीची माणसं यायची होती. रस्ता रिकामा होता. लहानूकाका म्हणाला, "व्याही, पाट थंड होतोय. साहेब यायच्या आत उरका." ते खाली वाकले. लेसची गाठ सोडायला लागले, आणि ती सुटेना. ओढली की गाठ आणखी घट्ट होत होती. मग बा पाटावरून उठला. नवरदेवानं हळदीच्या पाटावरून उठायचं नसतं. म्हातारी शिव्या घालायला लागली. बा गेला, काशिनाथरावांच्या पुढं उकिडवा बसला आणि कोपरापर्यंत पिवळ्या हातांनी त्यांची गाठ सोडली. एक बूट, मग दुसरा. काहीतरी बोललाही. काय ते मला ऐकू आलं नाही, आणि बानं ते पुढं कधी सांगितलं नाही.

दुपारी साहेब आले, भटजी आले, मंगलाष्टकं झाली, यमी सासरची झाली. काशिनाथराव साहेबांच्या शेजारी खुर्चीवर बसले होते आणि दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले होते. काळ्या बुटांवर बाची पिवळी बोटं उमटली होती. साहेबांनी विचारलं, विहिणी दोघी अशा पिवळ्या कशा? "आमच्याकडे रीत आहे," काशिनाथराव म्हणाले. ते 'आमच्याकडे' म्हणाले.

चौकातला कोपरा सकाळीच भरला होता. आयनं काडी घेतली आणि फणी काढली, एका दमात, जणू रोज काढत होती. मग काडी सुमनबाईला दिली. तिच्या वाट्याला शिडी आली. ती एकेक पायरी आठवत, थांबत थांबत काढत गेली, आणि शिडी एका बाजूला कलली. काकी हसली. आय म्हणाली, "ऱ्हाऊ दे. चढता येतंय."

त्या रात्री अंथरुणात मी आयला म्हटलं, उरलेल्या पत्रिका आहेत, त्यातला सौ. मी काळ्या शाईनं खोडून टाकते. ती कुशीवर वळली. "आता कशाला? आता खरं झालं त्ये."

मला पुढं इंदिरानगरात सुमनबाईनंच नेलं. तिनंच काम मिळवून दिलं, तिच्याच स्वयंपाकघरात मी निजत होते. तिचे उपकार सांगायचे तर वेगळं बसावं लागेल. तिथूनच अंबडच्या कारखान्यातल्या माझ्या नवऱ्याशी जमलं, सरकारी कचेरीत दोन सह्या केल्या, आणि त्याच्या गावी, इथं जमशेदपूरला आले. सह्या केल्या त्याला आता किती वर्षं झाली. आय नाही, बा नाही, गोमी म्हातारी नाही. हळद राहूनच गेली. पाड्यावर गेले की मी लग्नात बाहेर उभी राहते. कुणी सांगत नाही, मीच राहते.

परवा मुलीनं तिच्या लग्नाची पत्रिका फोनवर पाठवली. खाली लिहिलं होतं, आई, नावं नीट बघ. माझ्या नावापुढं सौ. आहे, सुंदर वळणदार. मी दिवसभर उत्तर दिलं नाही. गॅस बघत होते, कुलूप बघत होते. काल धाकट्या भावाला फोन केला, गोमीच्या मागं आता गातं कोण ते विचारलं. तिची सून गाते म्हणाला. मग नवऱ्याला सांगितलं, पोरीच्या आधी आपली हळद लावून घेऊ. त्याला ही सगळी गोष्ट पाठ आहे, मी इतक्यांदा सांगितलीय. तो वर्तमानपत्र वाचत होता. त्यानं पान उलटलं. मला वाटलं, या वयात कशाला, असंच म्हणणार.

मग त्यानं पेपर खाली घेतला आणि आपल्या पायांकडं बघितलं. "तो फिर मैं," तो म्हणाला, "बिना फीते वाले जूते ले लेता हूँ."